पुढील सभेत घ्यावे

कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतील एका छोट्या पतसंस्थेच्या संचालक मंडळावर मी गेली सहा वर्षे आहे. गेल्या महिन्यात लेखापरीक्षणाची तयारी करताना वारसनोंदीचा एक अर्ज हाती आला. अर्जदार बाई दिवंगत पतीच्या ठेवीसाठी हेलपाटे घालत होत्या. अर्जाच्या पाठीवर वेगवेगळ्या शाईत ‘पुढील सभेत घ्यावे’ हा शेरा चार वेळा होता आणि चौथा शेरा माझ्या अक्षरातला होता.

तो लिहिताना आपण अंगचोरपणा करत आहोत असे मला मुळीच वाटले नव्हते; उलट, घाईने निर्णय न घेता सर्वांना विचारात घेणारा काटेकोर संचालक अशीच माझी माझ्याबद्दलची समजूत होती. खरी अडचण एवढीच होती की, नामनिर्देशनाची जुनी नोंदवही कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात धूळ खात पडली होती आणि स्टुलावर चढून ती काढायची कोणी, हे ठरत नव्हते. वही खाली आल्यावर नोंद सापडायला वीस मिनिटेही लागली नाहीत.

माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढण्याच्या प्रयोगांचे निष्कर्ष १९१३ मध्ये मांडले. आठ जण एकत्र ओढू लागले की माणशी जोर एकट्याने लावलेल्या जोराच्या जेमतेम निम्म्यावर येत असे. त्यातला काही भाग ताळमेळ नसल्यामुळे वाया जातो हे खरे, पण दुसरा कोणीतरी ओढतोच आहे हा भरवसाही हात सैल करतो. आम्ही तर अकरा जण.

सरकारी कचेऱ्यांसाठी महाराष्ट्रात २००५ चा कायदा आहे, ज्याला लोक ‘दफ्तर दिरंगाई कायदा’ म्हणतात. त्यानुसार कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक काळ पडून राहता कामा नये. मात्र सहाव्या दिवशी ‘अभिप्रायार्थ सादर’ असे लिहून ती शेजारच्या टेबलावर सरकवता येते, म्हणजे फाइल फिरत राहते आणि काम जागच्या जागी. (आमचा शेरा निदान फाइलला चालायला तरी लावत नव्हता.)

या महिन्याच्या सभेत मी सुचवले की, प्रत्येक ठरावापुढे ‘संचालक मंडळ’ असे न लिहिता एकाच माणसाचे नाव आणि तारीख लिहावी. “म्हणजे आता आम्हास्नी कामाला लावणार म्हणा की!” असे म्हणत अध्यक्षांनी सही केली. पहिलाच विषय जुन्या नोंदवह्यांच्या बांधणीचा निघाला. त्यापुढे माझे नाव लागले, तारीख १५. आज १८ आहे, आणि वह्या अजून स्टुलावरच आहेत.