सपाट मुलखातला चढ

गेल्या शनिवारी सकाळी साडेसहाला सायकल बाहेर काढली. ऑगस्टचा शेवटचा आठवडा, अंगणातलं गवत दवानं चिंब. माळ फुललाय हे मला दोन दिवस आधीच कळलं होतं. कामावर जाताना मधाच्या पेट्या लादलेली एक ट्रॉली दक्षिणेकडं निघालेली दिसली. इथले मधमाशा पाळणारे लोक फुलोऱ्याच्या काही आठवड्यांसाठी आपल्या पेट्या माळावर नेऊन ठेवतात. त्या फुलांचा मध इतका घट्ट, की पोळ्यातून सहज निघत नाही. ढवळला की पातळ होतो आणि ठेवला की पुन्हा जेलीसारखा गोठतो.

मी राहते खेल्ड्रॉपला, आइंडहोवनच्या शेजारी. नेदरलँड्सचा हा दक्षिण भाग, ब्राबांत. घरापासून ए-६७ महामार्ग ओलांडला की पाच-सात मिनिटांत स्ट्राब्रेख्त्सं हेइडं लागतं. हेइडं म्हणजे आपला माळच. जवळजवळ १५०० हेक्टरचा, मधे मधे तळी, कडेनं पाइनची राई. पहिल्या वर्षी मैत्रिणीनं ‘हीथलँड बघायला चल’ म्हणून नेलं होतं. मी खटाव तालुक्यातली. तिथं उभी राहिले आणि तोंडातून निघालं, ‘अगं, हा तर माळ!’ तेव्हापासून माझ्यासाठी तो माळच आहे.

सायकल ग्रॅव्हलची, म्हणजे खडी-मातीच्या वाटांसाठीची. वाकडं हँडल, पुढं एकच चक्र, ४५ मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर. डांबरी रस्त्यासाठी त्यांत भरपूर हवा भरते, पण माळावर जायचं असेल तर दाब १.८ बारवर आणते. अंगठ्यानं दाबलं की टायर थोडा आत गेला पाहिजे. वाळूत हा थोडासा मऊपणाच पार नेतो.

लोक विचारतात, एवढ्या सपाट मुलखात सायकल चालवण्यात काय आहे? घाट नाही, उतार नाही. मी साताऱ्याची असल्यानं हा प्रश्न मला जास्तच विचारला जातो. सपाट मुलखात घाटाची जागा वारा घेतो, आणि वाऱ्याला माथा नसतो. घाट चढला की पलीकडं उतार हक्काचा असतो. इथं नैर्ऋत्येचा वारा तोंडावर आला, की वीस किलोमीटर तोच. आणि वाऱ्याहून अवघड ती वाळू.

ही वाळू समुद्राची नाही. शेवटच्या हिमयुगात हा भाग उघडाबोडका होता, वाऱ्यानं वाळू उडवून आणून सगळीकडं पसरली. इतकी बारीक, की कोरडी पडली की फुफाट्यासारखी वागते. पावसानंतर दोन दिवस रस्ता टणक असतो, ते दिवस सोन्याचे. मग ऊन पडतं, घोडेवाले जातात, आणि पट्टे पट्टे सैल होतात. अशा पट्ट्यात शिरताना ब्रेक लावायचा नाही. वजन मागं, हात सैल, नजर दहा मीटर पुढं, आणि पाय फिरते ठेवायचे. पुढचं चाक आपल्या मनानं डावी-उजवीकडं जातं, त्याला जाऊ द्यायचं. हँडल घट्ट धरून सरळ करायला गेलं, की चाक रुततं आणि माणूस खाली. हे शिकायला मला एक अख्खा उन्हाळा लागला.

शनिवारी एका वळणावर थांबले, कारण वाट नुकतीच खरवडली गेली होती आणि जमिनीचे थर दिसत होते. वर चार बोटं काळी माती, मुळांनी विणलेली. खाली राखेसारखी करडी वाळू, चुलीतली राख पसरावी तशी. तिच्याखाली तपकिरी, घट्ट, गंजल्यासारखा थर. हेदरच्या, म्हणजे माळावरच्या या जांभळ्या फुलांच्या, झुडपांखालची माती आंबट होते; पावसाचं पाणी वरच्या वाळूतलं लोह आणि कुजलेला अंश धुवून खाली नेतं आणि खाली साठवतं. म्हणून मधला थर पांढुरका पडतो. बोटानं उकरला तर साखरेसारखा भुरभुरला. अशा जमिनीत काय पिकणार? तरी इथं माणसं शेकडो वर्षं राय नावाचं धान्य पिकवून जगली. ते कसं, हे कळायला मला मेंढ्यांच्या मागं जावं लागलं.

आधी ब्यूव्हेन. हे माळाच्या पूर्वेकडचं तळं, सुमारे ८५ हेक्टर, देशातलं अशा प्रकारचं सगळ्यांत मोठं. सकाळी तिथं धुकं पाण्यावर बसलेलं होतं, आणि काठापासून जांभळं सुरू होत होतं ते थेट झाडांपर्यंत. फोटोत हा रंग कधीच येत नाही. जवळून पाहिलं तर एकेक फूल ज्वारीच्या दाण्याहून लहान, फिकट गुलाबी. दुरून सगळं मिळून जांभळं. मधे मधे मात्र पिवळट गवताचे पुंजके. ते गवत इथल्या लोकांना नको असतं. हवेतून आणि आसपासच्या पशुपालनातून नत्र जमिनीवर उतरतं, नत्र मिळालं की गवत फोफावतं आणि हेदर दबून मरतं. सोमरनच्या बाजूला वराहपालनाच्या लांबलचक शेड आहेत, वारा तिकडून आला की नाकाला कळतं. २०१९ च्या मेमध्ये इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं नत्र सोडणाऱ्या कामांना परवाने द्यायची सरकारी पद्धत रद्द ठरवली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर घेऊन हेग गाठलं. मला दोन्ही बाजूंचं कळतं. शेतकऱ्याची मुलगी आहे. जनावरं कमी करा म्हटल्यावर घरात काय होतं ते मी पाहिलंय. पण हा माळ गवतात बुडताना बघवतही नाही.

तळं मागं टाकून निघाले तेव्हा कळप दिसला. दोनशेच्या आसपास मेंढ्या, उंच पायांच्या, बिनशिंगांच्या, पांढऱ्या तोंडाच्या. ही इथली गावठी जात, केंपन भागातली. एके काळी जवळपास संपली होती, मग काही लोकांनी उरलेल्या मेंढ्या गोळा करून पुन्हा वाढवली. मेंढपाळ बाई होती, पन्नाशीची, हातात काठी, दोन कुत्री. मी सायकलवरून उतरून चालत पुढं गेले, कारण कळपाजवळून सायकल दामटू नये हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तिनं मान हलवली. मी म्हटलं, आमच्या गावाकडं धनगर आहेत, मेंढरं घेऊन फिरतात, शेतकरी त्यांना रात्री रानात मेंढरं बसवायला बोलावतात, खतासाठी. ती थांबली. म्हणाली, ‘रात्री? उघड्यावर?’ मी म्हटलं, हो, वाघर लावून. वाघर म्हणजे जाळी, हे सांगताना माझं डच अपुरं पडलं, मग हातानं दाखवलं. तिनं मला हात धरून पूर्वेकडची शेतं दाखवली. म्हणाली, लीरोपकडं जाशील तेव्हा बघ, शेत मधोमध फुगलेलं दिसेल. ते आमच्या मेंढ्यांनी केलंय.

इथं मेंढ्या रात्री उघड्यावर बसत नसत. त्यांना खोल गोठ्यात कोंडत. गोठ्याची जमीन बाहेरच्यापेक्षा खाली खणलेली असायची. माळावरची वरची माती हेदरच्या मुळांसकट कुदळीनं कापून आणायची, ढपले ढपले, आणि मेंढ्यांखाली अंथरायची. त्यावर लेंड्या, मूत, पुन्हा ढपले. हिवाळाभर थर चढत जायचा. वसंतात तो सगळा ऐवज गाड्यांत भरून गावाजवळच्या शेतात. खतासोबत थोडी वाळूही यायची. दरवर्षी थोडी थोडी, शेकडो वर्षं. अशा शेतांत काळ्या मातीचा थर अर्ध्या मीटरहून जाड झाला, काही ठिकाणी मीटरभर. एका शेतासाठी त्याच्या कितीतरी पट माळ खरवडावा लागे, आणि खरवडल्यामुळंच तिथं झाडं उगवत नसत, हेदरच पुन्हा येई. म्हणजे हा माळ माणसांनी आणि मेंढ्यांनी मिळून राखलेला आहे. आज कळप बंद केला, तर थोड्याच वर्षांत बर्च आणि पाइन उगवून रान होईल.

लीरोपजवळ ती शेतं आलीच. वाट एका मक्याच्या शेताच्या कडेनं जात होती आणि पायांना जाणवलं, जरासं जड झालं. एक गिअर खाली टाकावा इतकंही नाही. मीटरभराचा चढ असेल. शेताच्या मध्यावर आल्यावर पाय हलके झाले, पलीकडं उतार. मी सायकल वळवली आणि परत त्याच वाटेनं आले, तिसऱ्यांदाही गेले. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, पायांना मात्र स्वच्छ कळत होतं. सबंध दिवसातला हाच खरा चढ, आणि तो लेंड्यांचा.

पुढचा भाग भरभर सांगते. स्टेर्कसेलवरून पश्चिमेला वळले, रेल्वे ओलांडली, ए-२ खालून गेले, लेंदर बोस नावाच्या जंगलात शिरले. वाटेत नंबरांच्या पाट्या. सायकलच्या वाटा जिथं मिळतात त्या प्रत्येक चौकाला नंबर असतो. कागदाच्या पट्टीवर आठ-दहा आकडे लिहून पुढच्या नळीला चिकटवले की नकाशा नको. ही कल्पना हुगो बोलन नावाच्या बेल्जियममधल्या खाण अभियंत्याची. जमिनीखालच्या बोगद्यांत वाटा नंबरांनी ओळखतात, ते त्यानं वर आणलं. १९९५ साली बेल्जियमच्या लिंबुर्गमध्ये पहिलं जाळं सुरू झालं.

लेंदर बोसही खाणींशी जोडलेलं आहे. रासायनिक खत आल्यावर मेंढ्यांची आणि माळाची गरज संपली. मग लाखो हेक्टर माळ नांगरला गेला किंवा त्यावर पाइन लावला गेला. पाइनला मागणी होती दक्षिणेतल्या कोळसा खाणींची, छताला टेकू म्हणून. हे लाकूड मोडण्याआधी करकरतं, खाली काम करणाऱ्याला पळायला वेळ मिळतो. हे जंगल १९३० च्या मंदीत बेकार माणसांच्या हातून लावून घेतलं, म्हणून झाडं ओळीत आणि वाटा फुटपट्टीनं आखल्यासारख्या. आपल्याकडच्या रोजगार हमीच्या पाझर तलावांसारखंच हे काम. १९७४ पर्यंत इथल्या सगळ्या खाणी बंद झाल्या. झाडं राहिली.

अशाच एका सरळ वाटेवर मागचं चाक बसलं. काटा साधा होता, ब्लॅकबेरीचा. ट्यूबलेस टायरमध्ये आत पातळ लॅटेक्स असतं, भोक पडलं की तेच बाहेर येऊन बुजवतं. तीन-चार महिन्यांनी ते वाळतं, तेव्हा नवं घालावं लागतं. एप्रिलमध्ये मी सर्व्हिसिंगला दिली होती तेव्हा नवं घातलंय असं दुकानदारानं सांगितलं होतं. टायर काढून पाहिला तर आत जुन्या रबराच्या वाळक्या पापड्या, ओलावा नावाला नाही. त्या दिवशी खूप वाईट वाटलं, कारण मी त्याच्या शब्दावर जंगलात एकटी आले होते. सोबत ट्यूब होती म्हणून निभावलं. टायरच्या आतून बोटं फिरवत काटा शोधला, दातानं धरून काढला, ट्यूब घातली, हातपंपानं हवा भरली. दोनशे-तीनशे वेळा पंप मारताना वर पाहत होते. पाइनच्या शेंड्यांवर वारा, खाली सगळं निपचित, आणि ऊन लागून राळेचा वास सुटलेला. लहानपणी आमच्याकडं बाभळीचा काटा चपलेतून वर यायचा, तो अण्णा पिनेनं काढायचे. काटा बघितला की मला अजून त्यांचा हात आठवतो. आता दर तीन महिन्यांनी लॅटेक्स मी स्वतः घालणार आहे.

दुपारी एकला घरी पोचले, ७१ किलोमीटर. अण्णांना व्हिडिओ कॉल लावला, तिकडं साडेचार वाजलेले. त्यांना सायकलीत रस नाही, पण फुगलेल्या शेतांचं ऐकून ते खुर्चीत पुढं सरकले. थर किती, त्यात पीक काय, पाणी धरतं का, सगळं विचारलं. मग म्हणाले, ‘मीटरभर काळी माती? आन् त्यात मका लावत्यात?’ आणि गप्प बसले.

मी म्हटलं, अण्णा, आता तिथं खत नको असतं. मेंढ्या माळासाठी ठेवल्यात. माळ राखायचा म्हणून त्या चरतात, आणि चरायचे पैसे माळ सांभाळणारे लोक मेंढपाळाला देतात.

‘मेंढपाळ देतो, का मेंढपाळाला देत्यात?’

‘मेंढपाळाला देतात.’

‘चरायचे?’

‘हो.’

आमच्या गावचा माळ सरकारी कागदावर पडीक आहे. त्यावर गेल्या दहा वर्षांत दोन वेळा खड्डे खणून रोपं लावली, दोन्ही वेळा वाळून गेली. मेंढरं तेवढ्यासाठी हाकलली ती हाकललीच. त्या माळावर मी लहानपणी लांडगा पाहिलाय, खोकड पाहिलंय, पावसाळ्यात गवत कमरेला लागायचं. अण्णांना हे सगळं माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, त्यामुळं त्यांनी यातलं काहीच काढलं नाही. चष्मा काढून पुसला.

‘फोन ठेवू नको,’ म्हणाले. ‘वाड्यावरचे मामा आत्ताच मेंढरं घेऊन आल्यात. त्यांना बोलावतो. त्यांना तुझ्या तोंडानं सांग.’