२२ इंची शाफ्ट २० वर आणताना : क्रॉसबोच्या बाणांचा माझा अनुभव

क्रॉसबोच्या (बंदुकीसारखं धरून चाप ओढायच्या आडव्या धनुष्याच्या) बाणाची लांबी ठरवताना पहिली चूक मोजण्यातच होते. रूढ पद्धत अशी : नॉकच्या (बाणाच्या मागच्या टोकाला बसणाऱ्या टोपीच्या) खाचेच्या तळापासून, म्हणजे जिथे दोरी टेकते तिथून, शाफ्टच्या, म्हणजे बाणाच्या दांडीच्या, पुढच्या कडेपर्यंत मोजायचं. पुढचं टोक धरायचं नाही. पण काही उत्पादक नॉक सोडून नुसता शाफ्ट मोजतात, त्यामुळे पाव-अर्ध्या इंचाची तफावत सहज पडते. म्हणून पट्टी हातात घेण्याआधी धनुष्याच्या माहितीपुस्तिकेत कोणतं माप दिलंय ते पाहिलं.

पुस्तिकेत तीन गोष्टी होत्या : किमान लांबी २० इंच, किमान एकूण वजन ४०० ग्रेन (साधारण २६ ग्रॅम) आणि अर्धचंद्र खाचेचा नॉक. या तिन्ही एकत्रच वाचायच्या. आखूड बाणाचं टोक रेलच्या (बाण ज्या खोबणीच्या पट्टीवर ठेवतात तिच्या) आत राहतं आणि रुंद पात्यांचं टोक असेल तर सुटताना पाती रेलवर घासतात किंवा आपटतात. हलक्या बाणाला धनुष्याची सगळी ताकद घेता येत नाही. उरलेला धक्का दोरी आणि लिंब्ज (धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजा) सोसतात, अगदी बाण न लावता दोरी सोडल्यासारखा. नॉक चुकीचा असेल तर दोरी बाणावरून किंवा खालून निसटते. यातली एकही गोष्ट ‘चालेल’ म्हणून सोडण्यासारखी नाही.

हाताशी सहा कार्बन शाफ्ट होते, २२ इंची, ११ ग्रेन प्रति इंच. किमान लांबीपेक्षा मोठा बाण बऱ्याच धनुष्यांवर चालतो, तेव्हा ते तसेच वापरता आले असते. कापायचं कारण वेगळं होतं. मला वजन दांडीतून काढून पुढच्या टोकाकडे न्यायचं होतं. पुढचं वजन वाढलं की शाफ्ट सुटताना जास्त वाकतो. लांबी कमी केली की तो ताठ होतो. दोन्ही बदल एकमेकांना सांभाळून घेतात.

करवत लावण्याआधी कागदावर बेरीज केली आणि हा टप्पा कुणीही वगळू नये असं मला वाटतं. २२ इंची शाफ्ट २४२ ग्रेन, अ‍ॅल्युमिनियमचा इन्सर्ट (शाफ्टच्या तोंडात बसणारा, टोक अडकवायचा तुकडा) ४०, टोक १००, नॉक १५, तीन वेन्स (बाणाच्या मागची प्लॅस्टिकची पिसं) मिळून २१ : एकूण ४१८. नुसते दोन इंच कापले तर २२ ग्रेन गेले आणि बेरीज ३९६. म्हणजे लांबी नियमात बसली आणि वजन किमान मर्यादेखाली गेलं. म्हणून ११० ग्रेनचा पितळी इन्सर्ट घेतला. बेरीज ४६६ झाली.

तोल तपासायचं सूत्र सोपं आहे. तयार बाण पट्टीच्या धारेवर तोलून धरायचा, नॉकच्या खाचेपासून तोलबिंदूचं अंतर मोजायचं, त्यातून निम्मी लांबी वजा करायची आणि उरलेल्याला पूर्ण लांबीने भागून शंभराने गुणायचं. २२ इंची बाण साधारण १४ इंचांवर तोलला जातो, म्हणजे साडेतेरा टक्के. २० इंची, पितळी इन्सर्टचा बाण १३.८ वर, म्हणजे १९ टक्के. क्रॉसबोला १० ते १५ टक्के हे नेहमीचं प्रमाण, त्यामानाने माझा तोल बराच पुढे आहे. बाण जास्त स्थिर जातो, पण वेग कमी होतो आणि लांबवर तो लवकर खाली येतो. हा व्यवहार मान्य असेल तरच इतका जड इन्सर्ट घ्यावा.

आता कापणं. शाफ्ट बहुधा टोकांकडेच किंचित वाकडा असतो, त्यामुळे प्रत्येक शाफ्ट स्पिनरवर (बाण जागच्या जागी फिरवायच्या साधनावर) फिरवून कोणतं टोक जास्त डगमगतं ते पाहिलं आणि तिकडूनच दोन इंच काढले. वेन्स आधीच चिकटवलेले असतील तर ही मुभा नसते, पुढूनच कापावं लागतं. खूण करताना नॉक बसवून खाचेपासून मोजलं आणि कापणाऱ्या चकतीची जाडी खुणेच्या बाहेर, टाकाऊ बाजूला धरली. कार्बनला वेगाने फिरणारी घर्षण-चकतीच हवी. लोखंडी पात्याच्या करवतीने किंवा पाइप कटरने तंतू उसवतात आणि तडा आत कुठवर गेला ते दिसतही नाही. चकती चालू असताना शाफ्ट सावकाश स्वतःभोवती फिरवत कापला. कार्बनची धूळ फुप्फुसाला आणि कातडीला वाईट : एन-९५ मास्क, गॉगल, हातमोजे आणि शेजारी चालू व्हॅक्यूम, यातलं काही नसेल तर काम पुढे ढकलावं.

कापलेली कड काटकोनात नसेल तर इन्सर्ट तिरका बसतो आणि टोक भोवऱ्यासारखं डोलतं. कडेवर काळं मार्कर फिरवून ती स्क्वेअरिंगच्या दगडावर घासली, काळा रंग सगळीकडून सारखा जाईपर्यंत. दोन शाफ्टना हे तीनदा करावं लागलं.

आतली धूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसली, काडी स्वच्छ बाहेर येईपर्यंत. मग दोन भागांचं इपॉक्सी. इन्सर्ट फिरवत फिरवत आत सरकवला म्हणजे थर सारखा बसतो. मागे नॉक बसवलेला असेल तर आत कोंडलेली हवा इन्सर्टला हळूच बाहेर ढकलते आणि बाण बाणागणिक वेगळ्या लांबीचा होतो, म्हणून नॉक आधी काढून ठेवले. इन्सर्टची बाजू खाली करून २४ तास उभे ठेवले. उष्णतेने वितळणारा डिंक कार्बनवर मी टाळतो. शाफ्ट तापला तर त्यातलं रेझिन कमजोर होतं.

नॉक परत बसवताना वेगळ्या रंगाचा वेन रेलच्या खोबणीत खाली आणि अर्धचंद्र खाच दोरीला बरोबर समांतर, हे प्रत्येक बाणावर तपासलं. वजनकाट्यावर पाच बाण दोन ग्रेनच्या आत आले. सहावा पाच ग्रेन जड निघाला, त्यात इपॉक्सी जास्त गेलं होतं. तो सरावाला ठेवला.

नेम नव्याने बसवताना २० यार्डांवर प्रत्येक बाणासाठी वेगळा ठिपका ठेवला. एकाच ठिपक्यावर मारले तर मागचा बाण पुढच्याचा नॉक फोडतो. फटका जुन्या बाणापेक्षा खाली बसला, तसा स्कोप वर घेतला. आता प्रत्येक वेळी बाण मारल्यावर शाफ्ट चेहऱ्यापासून लांब धरून हलकाच वाकवतो आणि कान देतो. करकर ऐकू आली किंवा फिरवलेला कापूस कुठे अडकला, तर तो बाण तिथेच मोडून टाकतो.