तुम्ही विचारलंत म्हणून: विकी आणि कोड रिव्ह्यू जोडायचे कसे?

"आमची विकी मीडियाविकीवर आहे, रिव्ह्यू गेरिटवर होतो. बदल मर्ज झाला की विकीचं पान आपोआप अपडेट होईल असं काही करता येईल का?" हे मला फार जण विचारतात. (मीडियाविकी म्हणजे विकिपीडियामागचं सॉफ्टवेअर; गेरिट म्हणजे कोडमधला बदल मुख्य कोडात जाण्याआधी, म्हणजे मर्ज होण्याआधी, तपासायचं साधन.) करता येतं. पण करू नका.

गेरिट प्रत्येक घडामोडीची वर्दी बाहेर देतो: नवा पॅचसेट (बदलाची एक आवृत्ती) आला, शेरा पडला, बदल मर्ज झाला. एक छोटा बॉट ती ऐकतो आणि मीडियाविकीच्या एपीआयमधून (प्रोग्रॅमसाठी ठेवलेल्या दारातून) पानावर ओळ लिहितो. अवघड काही नाही. मात्र थोड्याच दिवसांत पानाचा इतिहास बॉटच्या नोंदींनी भरून जातो, वॉचलिस्टकडे (लक्ष ठेवायच्या पानांच्या यादीकडे) कुणी फिरकत नाही आणि माणसाने केलेली खरी दुरुस्ती त्या गर्दीत सापडत नाही. शिवाय सुरक्षेच्या दुरुस्त्या गेरिटमध्ये मोजक्यांनाच दिसतील अशा ठेवता येतात. बॉटला त्या दिसत असतील, तर त्यांची शीर्षकं सगळ्या ऑफिसला वाचायला मिळतात.

म्हणून नुसते दुवे जोडा, दोन्ही बाजूंनी.

गेरिटच्या कॉन्फिगमध्ये 'कॉमेंटलिंक' आहे. एक रेजेक्स (मजकूर ओळखणारा साचा) द्यायचं आणि एक पत्ता. मग कमिट मेसेजमध्ये (बदलासोबतच्या टिपणात) कुणी 'विकी-४५२' लिहिलं की गेरिटच्या पानावर त्याची लिंक होते. हा ४५२ म्हणजे पानाचा आयडी. नाव घालू नका, कारण आज 'डिप्लॉयमेंट' असलेलं पान पुढच्या तिमाहीत 'डिप्लॉयमेंट (नवीन)' होतं आणि त्यानंतर 'डिप्लॉयमेंट फायनल'. मीडियाविकी जुन्या नावाचं रीडायरेक्ट (नव्या नावाकडे नेणारं पान) ठेवते खरं, पण साफसफाईच्या उत्साहात कुणीतरी ते उडवतंच. आयडी मात्र पानाबरोबर जातो. पत्त्यात शीर्षकाऐवजी 'क्युरआयडी' वापरलं की झालं.

विकीकडून गेरिटकडे जायला इंटरविकी टेबलमध्ये (बाहेरच्या साइटच्या छोट्या नावांच्या यादीत) 'गेरिट' हा उपसर्ग टाका. इथेही काय चिकटवताय ते बघा. चेंज नंबर (गेरिटने बदलाला दिलेला क्रमांक) द्या, रिव्ह्यू चालू असतानाचा कमिट हॅश (त्या एका आवृत्तीची खूण) नको. अमेंड (त्याच कमिटमध्ये दुरुस्ती) किंवा रीबेस (ताज्या कोडवर पुन्हा मांडणी) केलं की हॅश बदलतो; चेंज नंबर पहिल्या पॅचसेटपासून मर्जपर्यंत एकच असतो.

विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या विकींवर हा उपसर्ग आहे. गंमत म्हणजे त्यांचा रिव्ह्यू आधी विकीच्या आतच चालायचा. 'कोडरिव्ह्यू' नावाचं एक्स्टेंशन होतं; सबव्हर्जनमध्ये (कोडच्या आवृत्त्या ठेवायच्या जुन्या प्रणालीत) आधीच गेलेले कमिट विकीच्या एका खास पानावर तपासले जायचे. २०१२ मध्ये सबव्हर्जनच्या जागी गिट आणि रिव्ह्यूसाठी गेरिट आले आणि आधी तपासणी, मग मर्ज असा क्रम झाला. विकी आणि रिव्ह्यू वेगळे झाले, दुवे तेवढे उरले.

तरीही पानावर मजकूर कुणी घालायचा हे उरतंच. माझ्या मते ज्याचा पॅच त्याने, मर्जच्या आधी, हाताने. चाळीस शेऱ्यांचा वाद विकीवर ओतू नका. काय ठरलं, का ठरलं आणि चेंज नंबर, एवढं पुरे. 'विकी-४५२' उघडून तिथे जुनंच लिहिलेलं दिसलं, तर रिव्ह्यूअरने खुशाल उणे एक ('असं नको' हे मत) द्यावा.

गिटहब किंवा गिटलॅबची विकी वापरत असाल तर गोष्ट वेगळी. ती विकी म्हणजे स्वतंत्र गिट रिपॉझिटरी (फाइल्स आणि त्यांच्या इतिहासाचा साठा), आणि तिच्यावर पुल रिक्वेस्ट किंवा मर्ज रिक्वेस्ट (बदल तपासून घ्या अशी विनंती) उघडता येत नाही. कोडबरोबर बदलणारी पानं मुख्य रिपॉझिटरीतच एका फोल्डरमध्ये हलवा. मग पान आणि कोड एकाच रिव्ह्यूत येतात आणि जोडणीचा प्रश्नच राहत नाही.