पदरावर पालथे पापलेट

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीत त्या विणकरांच्या घरी पोचले तेव्हा माझ्या फाईलमध्ये चाळीस चित्रं होती. पापलेट, बांगडे, एक ऑक्टोपस, जेलीफिशच्या झिरमिळ्या. अलिबागेत वाढल्यामुळे मासा आपल्याला कळतो, असा माझा समज. ते कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, करवती साडीवर उतरवायचे म्हणून विदर्भ एक्सप्रेसमध्ये रात्रभर अवघडून भंडारा रोडला उतरले. (हे स्टेशन वरठीला आहे, भंडाऱ्यात नाही. रिक्षावाल्याने माझ्या अज्ञानाचे पूर्ण पैसे घेतले.) तलावांचा जिल्हा म्हणतात, एकही तलाव पाहिला नाही. दोन्ही दिवस मागाच्या खोलीत गेले.

काका खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेले. आडवा धागा नेणारे तीन धोटे: दोन काठांचे, एक मधल्या अंगाचा. अंग कोशाचं, काठ सुती. काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवत पायरीपायरीने मागेपुढे नेला की करवतीचे दात उठतात. मी पापलेट पुढे केलं.

"ताई, गोल नाई येत इथं. पायऱ्या येतात."

खरंच, आलेखाच्या कागदावर चौकटी भरल्या तर माझ्या पापलेटाच्या पाठीचा जिना झाला. एवढं घरीच समजायला हवं होतं.

पण खरा घाव काकूंचा. त्या कोपऱ्यात कांड्या भरत होत्या. उठल्या, माझा कागद पदरासारखा खांद्यावर टाकला आणि पाठ फिरवली. काठावर साडीच्या लांबीने पोहणारा मासा नेसल्यावर पायाशी आडवाच दिसतो. तोच पदरावर आला की उभा होतो, तोंड खाली. काकूंच्या पाठीवर माझे पापलेट शेपटीने टांगले होते.

"बाजारात लटकवल्यावानी दिसते नाई का?"

त्या हसल्या, काका हसले, शेजारची पोरंही हसली. मला मात्र राग आला. सहा महिने ही चित्रं वाहवा घेत फिरत होती, कुणी एकाने तरी ती अंगावर धरून बघितली का? मीही नाही. फणकाऱ्याने म्हटलं, पदरावर मासा फिरवून विणा मग.

"विनू ना जी. पन मंग डॉबीच्या साऱ्या खुंट्या नव्यानं ठोकाव्या लागतीन." (डॉबी म्हणजे मागावरचं नक्षीचं यंत्र; कुठले धागे उचलायचे ते या खुंट्या ठरवतात.)

रात्री मरळीचा रस्सा. तर्री अशी की मासा कुठला हे सांगितल्यावरच कळलं. आमच्याकडे याला माशाचा अपमान म्हणतात. मी दोनदा वाढून घेतला. काकू तिसऱ्यांदा वाढायला आल्या तेव्हा मात्र हात जोडले.

जेवताना मी फोनवर करवत मासा दाखवला. लांब चपटी सोंड, दोन्ही कडांना दात. दिसायला शार्कसारखा, पण नात्याने पाकटाच्या (स्टिंगरेच्या) जवळचा. आता क्वचितच दिसतो, कारण ते दातच जाळ्यात अडकतात. काकांनी हात धुऊन फोन घेतला, चित्र मोठं केलं.

"याचे दात बाहेर हायेत. आमचे आत." जरा थांबून, "पन करवतच हाय."

ऑक्टोपसकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं. याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग काकूंनी मान पुढे काढली.

"अन् याचं तोंड पदरावर कोनीकडं?"