बोटीला ब्रेक नसतो

इंग्लंडात भाड्याची मोटारबोट घेऊन नदीवर निघायला चालवणाऱ्याकडे कसलाही परवाना लागत नाही. नोंदणी, विमा वगैरे बोटवाला बघतो. तुम्हाला अर्धा तास शिकवतात, किल्ली हातात देतात आणि धक्क्यावरून टाटा करतात. स्लाव, रेडिंग, लंडनकडची आपली मंडळी उन्हाळ्यात जोडून सुट्टी आली की चौघं-पाचजण मिळून अशी बोट घेतात आणि कोणाकडे कुत्रा असला तर तोही सोबत येतो. त्या अर्ध्या तासात ऐकलेलं निम्मं पहिल्याच वळणावर डोक्यातून जातं, म्हणून हे लिहितोय. उदाहरणाला थेम्सचा ऑक्सफर्ड ते ॲबिंग्डन हा पट्टा घेऊ. नवख्यांना एका दिवसात झेपतो आणि नदीवरच्या बहुतेक अडचणी त्यात एकेकदा भेटून जातात.

फॉली ब्रिजपासून ॲबिंग्डनच्या पुलापर्यंत साधारण १२ किलोमीटर आणि वाटेत तीन लॉक: इफ्ली, सँडफर्ड, ॲबिंग्डन. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात. वेगमर्यादा ताशी ८ किलोमीटर, म्हणजे काठाने झपाझप चालणारा माणूस तुमच्या बरोबरीने राहील एवढीच. हिशेब मात्र ताशी ६ चा धरा. दोन तास चालण्याचे, दर लॉकला वीस मिनिटं, रविवारी दुपारी त्याची चाळीसही होतात. एकूण तीन ते चार तास. ‘बारा किलोमीटरला एवढे?’ असं विचारणाऱ्या मित्राला सुकाणूवर बसवू नका. बोट पळवली की मागे उठणारी लाट काठाची माती खाते आणि बांधून ठेवलेल्या बोटींचे दोर हिसकते. बहुतेक छोट्या बोटींना वेगाचा काटा नसतोच, म्हणून अधूनमधून मागे वळून बघायचं. तुमची लाट काठावर फुटताना दिसली तर तुम्ही जोरात आहात.

ऑक्सफर्डच्या वरच्या अंगाला जायचा बेत असेल तर आधी बोटीची उंची विचारा. ऑस्नीच्या पुलाखाली जेमतेम २.२८ मीटर जागा आहे आणि पाणी चढलं की तीही कमी होते.

कोकणातल्या खाडीत होडी घालणारा आधी भरती कधीची ते विचारतो. इथे लंडनजवळच्या टेडिंग्टनच्या वर भरती पोचतच नाही. इथे विचारायचं ते गेल्या चार दिवसांत पाऊस किती झाला. प्रत्येक लॉकवर प्रवाहाची पाटी असते. पिवळी पाटी दोन प्रकारची. प्रवाह वाढतोय असं लिहिलेलं असेल तर इंजिनवाल्यांनीही सुरक्षित जागा बघून बोट बांधावी. ओसरतोय असं असेल तर जपून चालवावी. लाल पाटी दिसली की त्या दिवशी बोट बांधलेलीच राहू द्या, भाडं गेलं तरी. जोराच्या पाण्यात बोट बंधाऱ्याकडे ओढली जाते आणि भाड्याच्या बोटीचं इंजिन ती ओढ तोडेलच असं नाही. सँडफर्डच्या बंधाऱ्याशी बुडून गेलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ दगडी स्तंभ उभा आहे, आणि ते पाणी एरवी दिसायला शांतच असतं.

आता चालवण्याचं. गाडी पुढून वळते, बोट मागून. सुकाणू उजवीकडे फिरवलं की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, उजवीकडे जाते खरी, पण त्याहून जास्त पिछाडी डावीकडे फेकली जाते. धक्क्यापासून निघताना गाडीसारखं नुसतं सुकाणू वळवलं की पिछाडी धक्क्यावर आपटते ती यामुळेच. आधी नाळ किंवा पिछाडी हाताने, आकड्याच्या काठीने बाहेर ढकला, मग गिअर टाका. पुढचा गिअर आणि मागचा गिअर यांच्यामध्ये न्यूट्रलवर दोन सेकंद थांबा, नाहीतर गिअरबॉक्स कुरकुरतो. रिव्हर्समध्ये सुकाणूचं फारसं चालत नाही. बहुतेक बोटींचे पंखे (प्रोपेलर) उजवे असतात, म्हणजे पुढे जाताना मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, अशा बोटीची पिछाडी रिव्हर्समध्ये डावीकडे सरकते. हे एकदा कळलं की डाव्या बाजूने काठाला लागणं सोपं होतं, कारण शेवटचा रिव्हर्सचा झटका पिछाडी आपोआप काठाशी आणून देतो.

नदीवर उजवीकडून चालायचं. समोरची बोट तुमच्या डाव्या हाताला पडायला हवी. वळणाच्या आतल्या बाजूला गाळ साचून पाणी उथळ असतं, तिथून जवळचा रस्ता काढू नका. इफ्लीच्या वर वल्हवणारे भेटतील. त्यांची पाठ जायच्या दिशेला असते, म्हणजे तुम्ही त्यांना दिसत नाही. वेग कमी करा, आपली लाईन सोडू नका, त्यांना जाऊ द्या. ऐनवेळी डावीकडे-उजवीकडे केलं तर त्यांच्या सुकाणूवाल्याला अंदाज येत नाही.

लॉकमध्ये घाबरण्यासारखं काही नाही, पण तिथे चार माणसांना चार कामं असतात आणि ती आधीच वाटलेली बरी. उन्हाळ्यात दिवसा बहुतेक ठिकाणी लॉककीपर असतो. तो जेवायला गेला असेल किंवा कामाची वेळ संपली असेल तर पाटी लावलेली असते आणि दारांची, पाणी सोडण्याची बटणं तुम्हालाच दाबावी लागतात. पहिला माणूस पुढच्या दोराला, दुसरा मागच्या दोराला, तिसरा काठावर बटणांपाशी, चौथा कुत्र्यापाशी. लॉकमध्ये शिरल्यावर इंजिन बंद करणं हा नियमच आहे, त्यामुळे सुकाणूवाला मोकळा होतो आणि मागचा दोर तोच धरतो.

सँडफर्डला खाली उतरताना बघा. थेम्सच्या या भागातला हा सगळ्यांत खोल लॉक, पाणी तब्बल २.६९ मीटर उतरतं. दोर काठावरच्या खुंट्याला गाठ मारून बांधायचा नाही. बोटीवरून वर न्यायचा, खुंट्यामागून फिरवून परत बोटीवर आणायचा आणि मोकळं टोक हातात धरायचं. पाणी उतरेल तसा दोर सोडत जायचं. कोणीतरी ‘जरा चहा बघतो’ म्हणून दोर कड्याला दोन वेढे मारून आत जातो आणि वेढे एकमेकांवर चढून आवळतात. पाणी खाली जातं, बोटीचं एक टोक वर लटकतं, कप-बशा घरंगळायला लागतात. अशा वेळी दोराशी झोंबू नका, आणि बोटं तर त्याच्याजवळ अजिबात नेऊ नका. बटणांपाशी उभ्या असलेल्याला ओरडून आधी पाणी सोडणं बंद करायला सांगा आणि वरच्या बाजूने पुन्हा पाणी भरायला लावा. बोट वर आली की दोर आपोआप सैल पडतो. अगदीच नाइलाज झाला तर सुरी. ती सुकाणूपाशी असावी, स्वयंपाकाच्या खणात नव्हे.

उतरतानाचा दुसरा धोका मागे असतो. वरच्या दारांखाली सिमेंटचा उंबरा असतो, भरलेल्या लॉकमध्ये तो पाण्याखाली दिसत नाही. भिंतीवर पांढऱ्या रेघेने त्याची हद्द दाखवलेली असते. पिछाडी त्या रेघेच्या पुढेच ठेवा. ती उंबऱ्यावर टेकली तर पाणी उतरताना बोट नाकावर कलते आणि पुढून पाणी आत शिरतं. चढताना हा धोका नाही, पण पाणी उसळत आत येतं आणि बोट मागेपुढे ओढली जाते, म्हणून दोर ताणून धरावे लागतात.

आता कुत्रा. लॉकमध्ये त्याचा पट्टा बोटीला कधीही बांधू नका. बोट खाली जात असते आणि बिचारा गडबडीत काठावर उडी मारतो, पुढचं सांगायला नको. त्याला केबिनमध्ये दार लावून बसवा किंवा चौथ्या माणसाबरोबर आधीच काठावर उतरवा. दुसरं चांगलं, तेवढ्यात त्याची शी-शूही होऊन जाते. पिशवी खिशात असू द्या.

सगळ्यांत जास्त कुत्रे पडतात ते नदीच्या मधोमध नाही, काठाला लागताना. बोट आणि काठ यांच्यात हातभर अंतर उरलेलं असतं, काठावर गवताचा वास येतो आणि कुत्रा झेप घेतो. खाली पडला तर पुढच्या क्षणी बोट काठाशी भिडणार असते. म्हणून दोन्ही दोर बांधून होईपर्यंत कुत्रा आतच. ‘थांब’ हा एक शब्द त्याला घरी महिनाभर आधी दारात शिकवा: आधी माणूस बाहेर, मग तो. बोटीवर नेल्यावरही आधी इंजिन बंद ठेवून तिथेच खाऊ घाला, मग इंजिन चालू करून खाऊ घाला, मग निघा. इंजिनाच्या थरथरीने बरेच कुत्रे पहिला तासभर कोपऱ्यात अंग चोरून बसतात. ओढून बाहेर काढू नका.

त्याच्या लाइफ जॅकेटला पाठीवर मूठ हवीच. छातीच्या घेराचं माप घेऊन जॅकेट घ्या, पट्ट्यांखाली दोन बोटं जातील एवढं सैल ठेवा आणि घरीच मुठीला धरून त्याला जमिनीपासून वीतभर उचलून बघा. जॅकेट डोक्याकडे सरकलं तर ते पाण्यात निघून येणार. कुत्र्याला पोहता येतंच, ही समजूत पग आणि बुलडॉगच्या बाबतीत महागात पडते, आणि पोहणारा लॅब्रॅडॉरही ३० किलोचा, वर ओला, गुळगुळीत कड्यावरून एकट्या माणसाला वर ओढता येत नाही. कुत्रा पडला की इंजिन ताबडतोब न्यूट्रलला, जवळ असेल तर बंदच. एकाने फक्त त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं, नजर हलवायची नाही. जमलं तर हाका मारत त्याला उथळ काठाकडे न्या, नाहीतर दोघांनी मुठीला धरून उचला. त्याच्यामागे पाण्यात उडी मारू नका. बहुतेक वेळा कुत्रा निघतो आणि माणूस अडकतो. माणूस पडला तरी हेच करायचं, फक्त आधी सुकाणू ज्या बाजूला पडला त्याच बाजूला वळवायचं, म्हणजे पिछाडी आणि पंखा त्याच्यापासून दूर जातो.

फायबरचा डेक ओला असला की पंजे सरकतात आणि उन्हात तो तापतो. काथ्याचं पायपुसणं टाका, दोन्हींवर उपाय होतो. मुंबईच्या पावसात ज्याच्या बातम्या वाचतो तो लेप्टो इथल्या नद्यांतही आहे, उंदरांच्या मुतातून पसरतो. कुत्र्याची लस झालेली असावी आणि तुमच्या हातापायाला जखम असेल तर ती झाकलेली असावी. उन्हाळ्याच्या शेवटी साचलेल्या पाण्यावर हिरव्या रंगाच्या डब्यातून सांडल्यासारखी साय दिसते. ते नीलहरित शेवाळ कुत्र्याचं यकृत निकामी करू शकतं आणि त्यावर उतारा नाही. कुत्रा त्यात गेलाच तर अंग चाटायच्या आत स्वच्छ पाण्याने धुवा आणि थेट जनावरांच्या डॉक्टरकडे न्या, लक्षणांची वाट बघू नका.

इंजिनाकडे रोज सकाळी पाच मिनिटं द्या. तेलाची पट्टी, कूलंट, बेल्ट. नदीचं पाणी खेचून थंड होणारं इंजिन असेल तर चालू केल्यावर एक्झॉस्टमधून पाणी थुंकल्यासारखं बाहेर पडतंय ना, ते कान देऊन ऐका. नुसता कोरडा आवाज आणि वाफ आली तर लगेच बंद करा. बहुतेक वेळा गाळणीत पानं, शेवाळ किंवा प्लास्टिकची पिशवी अडकलेली असते. क्रम असा: इंजिन बंद, पाणी आत घेणारा कॉक बंद, गाळणीचं झाकण उघडा, जाळी धुवा, रबरी रिंग नीट खाचेत बसवून झाकण घट्ट लावा, कॉक उघडा, मग इंजिन. कॉक उघडायचा राहिला तर पंपातला रबरी इंपेलर कोरडा फिरून थोड्याच वेळात फाटतो. दुरुस्तीवाले ही चूक कायम बघतात.

पंख्यात दोर किंवा पिशवी अडकली की बोट थरथरते आणि जोर राहत नाही. रिव्हर्सचा एक छोटा झटका देऊन बघा. सुटलं नाही तर इंजिन बंद, किल्ली खिशात, मगच हात घाला. काही बोटींना पंख्याच्या वर झाकण असतं, त्यातून हात जातो. ते परत लावताना घट्ट बसलंय याची खात्री न करता इंजिन चालू केलं तर पंखा त्या भोकातूनच पाणी आत फेकतो, आणि बोटी अशा बुडाल्या आहेत.

स्वयंपाक करा, पण तळण नको. शेजारून कोणी जोरात गेलं की कढई हलते, आणि बटाटेवड्याच्या तेलाला बोटीवर जागा बदलायला फार वेळ लागत नाही. पोहे, उपमा, थालीपीठ चालतं. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर बोटीच्या तळाशी साचतो. पेट्रोलची वाफही तशीच. पेट्रोल भरताना सगळे, कुत्र्यासकट, काठावर. राहण्याची सोय असलेल्या बोटींना कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म १ एप्रिल २०१९पासून सक्तीचा झालाय, तरी निघण्यापूर्वी बटण दाबून तो वाजतो का ते बघा.

ॲबिंग्डनला पुलाच्या वरच्या बाजूला कुरणालगत बोट बांधता येते. तुम्ही प्रवाहाबरोबर आलात, म्हणून आधी बोट वळवून नाळ प्रवाहाकडे करा. समोरून येणारं पाणीच मग ब्रेकचं काम करतं. वीस-तीस अंशांच्या तिरक्या रेषेत हळू या, नाळेकडचा दोर आधी बांधा, प्रवाह पिछाडी आपोआप काठाशी आणून लावेल. उडी मारून उतरणारा मित्र आणि उडी मारणारा कुत्रा, दोघांना एकच नियम. काठाला कडी नसेल तर मेख ठोका, बोटीपासून बाहेर कललेली, आणि दोर बोटीशी काटकोनात न घेता पुढे-मागे तिरके न्या. रात्रीत पाणी वीतभर वर-खाली होऊ शकतं, तेवढी ढील ठेवा. मेखेच्या डोक्यावर पाण्याची रिकामी बाटली उपडी अडकवा, अंधारात कुत्र्याला शेवटचं फिरवायला नेणाऱ्याच्या पायात ती येत नाही.