आजी जमिनीवरून कशी उठायची

आजी ९१व्या वर्षी गेली. शेवटचे तीन आठवडे सोडले तर आंघोळ, कपडे, केस, सगळं स्वतःचं स्वतः करत गेली. ज्यांच्या घरी सत्तरीतली आई गुडघे धरून बसलेली असते ते हमखास विचारतात, "आजी खात काय होत्या हो?" तुम्हीही तेच विचारलंत, शिवाय तिच्या स्वभावाबद्दलही, म्हणून सविस्तर लिहिते. खाण्याचं सांगेनच, पण आधी तिचं उठणं-बसणं सांगायला हवं. माझ्या मते खरं बळ तिथं होतं.

रत्नागिरी जिल्ह्यातलं जुनं घर. जेवण पाटावर, भाजी विळीवर, पूजा जमिनीवर, तांदूळ निवडायचे तेही पडवीत बसून. दिवसातून पंधरा-वीस वेळा तरी खाली बसणं आणि उठणं व्हायचंच. प्रत्येक वेळी अख्ख्या शरीराचा भार मांड्या आणि कंबर उचलतात. मांडीचे स्नायू वापरात नसले की फार लवकर झडतात. साठी ओलांडलेल्या निरोगी माणसांना १० दिवस नुसतं पलंगावर झोपवून ठेवलं, तर पायांचं जवळजवळ १ किलो मांस कमी झालं, असं अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात दिसलं होतं. तापात आठवडाभर झोपलेली आजी-आजोबा मंडळी ताप गेल्यावरही का उठत नाहीत, ते यावरून कळतं.

ऐंशीनंतर तिची उठायची रीत बदलली, उठणं थांबलं नाही. मांडी सोडून दोन्ही पाय एका बाजूला घ्यायची. त्या बाजूला वळून दोन्ही तळवे जमिनीला, मग रांगताना असतो तसं गुडघ्यांवर. एक पाऊल पुढे पूर्ण टेकवायचं, एक हात त्या मांडीवर, दुसरा उंबरठ्यावर किंवा चौरंगावर. मग डोकं पावलाच्या पुढे येईल इतकं झुकायचं आणि उठायचं. उभी राहिली की लगेच चालायची नाही; "राम, राम, राम" म्हणायची आणि मग पहिलं पाऊल. वयानुसार एकदम उठल्यावर रक्तदाब घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि बरेचदा पडणं होतं ते याच क्षणी. पहाटे अंथरुणातून उठतानाही ती कडेला बसून आधी पायाची बोटं हलवायची. कुणी दंड धरून ओढायला आलं की म्हणायची, "ओढू नको, नुसती जवळ उभी राहा." अगदी बरोबर होतं तिचं. ओढल्याने खांदा दुखावतो आणि तोल तर मागेच जातो.

ब्राझीलचे डॉ. क्लाउडिओ अराउजो यांनी २०१२ साली ५१ ते ८० वयाच्या २००२ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हाताचा-गुडघ्याचा आधार न घेता जमिनीवर बसून उठता येतं का, एवढंच पाहिलं होतं. ज्यांना जमत नव्हतं त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. उठल्याने आयुष्य वाढतं, असा याचा अर्थ कृपा करून काढू नका. ताकद, तोल आणि सांध्यांची लवचीकता या तिन्हींची ती एकत्र खूण आहे.

तुमच्या आईचे गुडघे झिजले असतील तर उद्यापासून पाटावर बसवायला जाऊ नका. हात न टेकता साध्या, म्हणजे साधारण १७-१८ इंची, खुर्चीवरून उठायचं. सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ आठ-आठ वेळा. खुर्ची भिंतीला टेकवलेली असू द्या, सरकली की पडणं ठरलेलं. तीन-चार आठवड्यांनी जमलं तर थोडं बुटकं स्टूल. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला किंवा जास्त दुखला तर संख्या निम्मी करा. खुबा किंवा गुडघा बदललेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता खाणं. दोन्ही वेळा ताक, सकाळी मऊ भाताबरोबर कुळथाचं पिठलं, रात्री कपभर दूध, आठवड्यातून दोनदा मासे. तिचं वजन ४५ किलोच्या आसपास. वृद्धांना किलोमागे निदान १ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ४५ ग्रॅम. "म्हातारपणी हलकं खावं" म्हणून आपण पेज, चहा, बिस्किटं देतो, तिथे घोळ होतो. पोट भरतं आणि स्नायू उपाशी राहतात. (किडनीचा आजार असेल तर मात्र हा हिशेब डॉक्टरांनीच ठरवायचा.)

स्वभावाचं विचारलंत. तिला काय धरायचं आणि काय सोडायचं हे नीट कळत होतं. सत्तरीत चुलीचा कारभार सुनांकडे दिला आणि नंतर मिठाबद्दलसुद्धा बोलली नाही. पण निवडणं, वाती वळणं, स्वतःचं लुगडं पिळणं सोडलं नाही. स्टुलावर चढणं बंद म्हणजे बंद. मोतीबिंदूचं ऑपरेशन "आता कशाला" न म्हणता वेळेत करून घेतलं. काठीही चौऱ्याऐंशीव्या वर्षी लाज न बाळगता घेतली. हात सरळ सोडला की मनगटाच्या घडीशी मूठ येईल एवढी उंची हवी. दुखरा पाय उजवा असेल तर काठी डाव्या हातात आणि ती दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकायची. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात, मग शरीर तिकडेच कलतं. खालचं रबर गुळगुळीत झालं की ती लगेच बदलून मागायची.

आणि अंबाडा. दोन्ही हात मानेमागे नेऊन, पीळ घालून, तोंडात धरलेले आकडे एकेक करून खोचत ती रोज स्वतः बांधायची. शेवटी शेवटी पाच-सात मिनिटं लागत, मधेच हात खाली घेऊन दम खायची. नातसुना पुढे व्हायच्या: "द्या आजी, मी घालते." प्रेमानेच म्हणायच्या. पण महिनाभर दुसऱ्याने केस बांधले की खांदा आखडायला लागतो, मग पोलक्याची बाही चढत नाही, मग पाठ चोळता येत नाही. आजी आरसा त्यांच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "तू हा धर."