तार सोडून फाइव्ह-जीवर : घरच्या इंटरनेटचा माझा अनुभव

वडाळा-कासारवडवली मेट्रोचे काम सुरू झाल्यापासून ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या कडेची फायबर केबल तुटणे आम्हा रहिवाशांना नवे राहिलेले नाही. आम्ही दोघेही बरेच दिवस घरून काम करतो आणि मुलीचा क्लास संध्याकाळी ऑनलाइन असतो. त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर केबल पुन्हा तुटली आणि जोडणी लांबत गेली, तेव्हा तारेचे कनेक्शन बंद करून फाइव्ह-जीवर चालणारे घरगुती इंटरनेट घ्यायचे आम्ही ठरवले. भारतात फाइव्ह-जी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि घरासाठीची ही जोडणी त्याच्या पुढच्या वर्षी आली.

अर्ज भरणे सोपे होते. अडले ते गच्चीवर. सिग्नल घेणारी पेटी उघड्यावर लावावी लागते आणि तिच्यापासून घरातल्या राउटरपर्यंत एक केबल उतरवावी लागते. "उद्या प्रत्येकाने एकेक पेटी आणली, तर वॉटरप्रूफिंगचे काय करायचे?" हा सेक्रेटरीकाकांचा प्रश्न रास्त होता. कमिटीतल्या एकांना तर आम्ही मोबाइलचा टॉवरच उभारतो आहोत असे वाटले होते. अखेर कठड्याला भोक पाडायचे नाही आणि डिशच्या जुन्या खांबालाच पेटी बांधायची, या अटीवर ना हरकत पत्र मिळाले.

पेटी बसवायला आलेल्या मुलाचे काम मी उभी राहून पाहिले. इमारतीजवळच्या टॉवरकडे तोंड केल्यावर मोबाइलवरचा सिग्नलचा आकडा उत्तम दिसत होता, पण वेग येत नव्हता. त्याने खांबावरचा क्लॅम्प सैल केला, पेटी बोटभर फिरवली, थांबून आकडा पाहिला, पुन्हा फिरवली. शेवटी पाण्याच्या टाकीच्या आडोशाने, रस्त्यापलीकडच्या लांबच्या टॉवरकडे रोख धरल्यावर वेग कितीतरी वाढला. उंच मजल्यांवर एकाच वेळी अनेक टॉवर दिसतात आणि त्यांचे सिग्नल एकमेकांत मिसळतात, म्हणून रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या असूनही नेट रखडते, हे त्याने समजावले. टाकीमुळे नको असलेले टॉवर झाकले गेले होते.

पावसात हे चालणार नाही, असे शेजाऱ्यांनी बजावले होते, कारण मुसळधार पावसात डिशचे चित्र जाते हे सर्वांनी पाहिले आहे. परंतु डिशचा सिग्नल १० गिगाहर्ट्झच्या (गिगाहर्ट्झ म्हणजे लहरींच्या कंपनाचे माप) वरचा असतो आणि आमची पेटी साधारण साडेतीन गिगाहर्ट्झवर चालते, जिथे पावसाचा अडथळा नगण्य असतो. जुलैतल्या धो धो पावसातही आमचे नेट गेले नाही.

त्रास झाला तो रात्री आठनंतर. सकाळी २०० मेगाबिटच्या पुढे जाणारा वेग त्या वेळी कधीकधी ३० वर येई. फायबरही वाटूनच मिळते, एका शाखेवर सहसा ३२ किंवा ६४ घरे असतात. पण ती घरे ठरलेली असतात, तर टॉवरच्या एका दिशेत आसपासच्या इमारतींबरोबर रस्त्यावरच्या कोंडीत अडकून मोबाइल पाहणारेही येतात, आणि घोडबंदर रोडवर त्यांची वाण नाही. तरीही सिनेमा पाहायला ३० मेगाबिट पुरतात. खरी अडचण अपलोडची होती. या सेवेत डाउनलोड आणि अपलोड लहरींच्या एकाच पट्ट्यात आळीपाळीने चालतात आणि बहुतेक वेळ डाउनलोडला दिलेला असतो. त्यामुळे मुलीचा क्लास सुरू असताना मी ग्राहकांच्या स्कॅन केलेल्या फाइल पाठवू लागले की तिचा चेहरा पलीकडे गोठत असे. शिवाय पूर्वी जादा पैसे भरून घेतलेला स्वतंत्र आयपी पत्ता, म्हणजे बाहेरून थेट आपल्याच घरच्या जोडणीपर्यंत पोहोचवणारा इंटरनेटवरचा क्रमांक, इथे मिळाला नाही. अनेक ग्राहकांना मिळून एकच पत्ता दिला जात असल्याने, घरातल्या साठवणुकीच्या डिस्कवर ऑफिसातून पोहोचण्याची यजमानांची सोय बंद पडली.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा फायबर घेतले, मात्र दुसऱ्या कंपनीचे, आणि केबल आवारात कोणत्या बाजूने येते हे आधी विचारून. ती मागच्या गल्लीतून येते. पेटी सर्वांत स्वस्त योजनेवर ठेवली आहे आणि तार गेली की राउटर आपोआप तिच्यावर जातो. आमच्यासारख्या घरात फाइव्ह-जीने तारेची जागा घेतली नाही, असेच मी म्हणेन. आमच्याच मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या आजी-आजोबांना मात्र मी निःशंकपणे ही पेटीच सुचवली. त्यांना मालिका पाहायच्या असतात आणि परदेशातल्या नातवाशी बोलायचे असते. त्यासाठी घरमालकाच्या भिंतीतून नवी तार ओढण्याचे कारण नाही. घर बदलताना नव्या पत्त्यावर ही सेवा मिळते की नाही, एवढे त्यांनी करारावर सही करण्यापूर्वी तपासून घ्यावे.